स्कॉटलंडमध्ये लॉखच्या काठाने सायकल : गाड्यांची भीती वाटणाऱ्यांनी कुठे जायचं, कसं जायचं

स्कॉटलंडला शिकायला, नोकरीला आलेल्या किंवा उन्हाळ्यात मुलाबाळांकडे राहायला आलेल्या मराठी मंडळींना मी कायम सांगते की इथले लॉख म्हणजे ही मोठमोठी तळी गाडीच्या काचेतून बघू नका, सायकल घ्या. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, अगं रस्त्यावर केवढ्या जोरात जातात गाड्या, आणि आम्ही शाळा सुटल्यापासून सायकलला हात नाही लावलेला. बरोबरच आहे ते, इथल्या गावाबाहेरच्या अरुंद रस्त्यांवरही बऱ्याच ठिकाणी ताशी 60 मैलांची म्हणजे जवळजवळ 97 किलोमीटरची मर्यादा असते आणि वळणावर समोरून तशी गाडी आली की धडकीच भरते, लहान मुलांना घेऊन मी पण तिथे जाणार नाही. पण गाड्याच नसलेले रस्ते इथे भरपूर आहेत, बंद पडलेल्या रेल्वेलाइनवर केलेले, पाणीखात्याचे खाजगी, जंगलातले लाकूड वाहून न्यायचे, आणि त्यातले बरेचसे नेमके पाण्याच्या काठाकाठानेच जातात. शिवाय 2003 च्या लँड रिफॉर्म कायद्याने इथे बहुतेक जमिनीवर आणि वाटांवर पायी किंवा सायकलने जायचा हक्क सगळ्यांना दिलाय, तुम्ही पाहुणे असलात तरी. अट एकच, नीट जबाबदारीने वागायचं, कुणाचं नुकसान करायचं नाही.

पहिली गोष्ट आधीच सांगते कारण सगळं पुढचं त्यावर अवलंबून आहे. ट्रॅफिक-फ्री म्हणजे सपाट नव्हे. आणि सपाट म्हणजे गुळगुळीत पण नव्हे. गाड्या नाहीत एवढंच वाचून लोक निघतात आणि मग चढ लागला की आजोबा एकीकडे, पोरं दुसरीकडे, आणि आई तिसरीकडे सायकल ढकलत. त्यामुळे रूट ठरवताना ग्रुपमधल्या सगळ्यात कच्च्या माणसाचा विचार करायचा, सगळ्यात उत्साही माणसाचा नाही. त्या माणसाला चढ झेपेल का, खडीवर तोल राहील का, आणि मध्येच कंटाळा आला तर परत फिरता येईल का, हे तीन प्रश्न. किलोमीटर किती ते नंतर बघा, कारण रमतगमत गेलात तर तासाला 10-12 किलोमीटर कोणालाही होतात, फोटो आणि चहा वेगळा धरायचा.

जे अगदीच नवखे आहेत त्यांच्यासाठी माझं उत्तर ठरलेलं आहे, किनरॉसचं लॉख लेव्हन. एडिनबराहून उत्तरेला एम 90 या मोटरवेने गेलं की साधारण पाऊण तासात पोचता. पूर्ण तळ्याभोवती 21 किलोमीटरची गोल वाट आहे, 2014 मध्ये गोल पूर्ण झाला, आणि ती जवळजवळ सपाट, बारीक खडी दाबून बसवलेली, व्हीलचेअर आणि बाबागाड्या पण चालतात अशी. कधी शेतांच्या कडेने, कधी पाइनच्या झाडीतून, कधी अगदी पाण्याला लागून. मध्ये बेटावर किल्ला दिसतो, त्यात स्कॉट्सची राणी मेरी हिला 1567-68 मध्ये कैदेत ठेवलं होतं, आणि मे 1568 मध्ये ती तिथून होडीने निसटली. उन्हाळ्यात किनरॉसच्या धक्क्यावरून त्या बेटावर बोट जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरला गेलात तर आइसलँडहून हिवाळ्यासाठी आलेले रानहंस, पिंक-फुटेड गीज, हजारोंच्या संख्येने असतात, संध्याकाळी थवेच्या थवे पाण्यावर उतरताना जो आवाज होतो त्यासाठी मुद्दाम त्या दिवसांत जावं. दक्षिण काठावर पक्षीसंस्थेचं, म्हणजे आरएसपीबीचं केंद्र आहे, तिथे कॅफे आणि टॉयलेट आहे.

आता इथली एक युक्ती. बहुतेक लोक किनरॉसमधून सुरुवात करतात, ते तळ्याच्या पश्चिमेला आहे. पण या देशात वारा जास्त करून पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे किनरॉसहून निघालात तर पहिला अर्धा भाग वारा पाठीवर, सगळे खुश, आणि दमल्यावर परत येताना तोच वारा छातीवर. म्हणून पूर्वेच्या टोकाने सुरू करा, फिन्डाटीला पार्किंग आहे, किंवा ईशान्येला लॉख लेव्हन्स लार्डर म्हणून फार्म शॉप आणि कॅफे आहे तिकडून. फिन्डाटीहून निघालात तर दक्षिण काठाने ताज्या पायांनी वाऱ्याच्या विरुद्ध किनरॉस गाठायचं, तिथे आराम, आणि मग उत्तर काठाने वाऱ्याने ढकलत ढकलत परत. सपाट रस्त्यावर वारा हाच चढ असतो हे लक्षात ठेवा. आदल्या रात्री हवामानाच्या ॲपवर पाऊस सगळेच बघतात, वाऱ्याची दिशा पण बघत जा.

दुसरं आणि माझं सगळ्यात लाडकं म्हणजे लॉख कॅट्रिन. ट्रॉसाक्स भागातलं, डोंगरांच्या कुशीतलं लांबट तळं, साधारण 13 किलोमीटर लांब. ग्लासगोचं पिण्याचं पाणी इथून येतं, 1859 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते ही योजना सुरू झाली आणि 41 किलोमीटरच्या कालव्या-बोगद्यांमधून पाणी निव्वळ उताराने शहराच्या वेशीपर्यंत नेलं, पंप नाही काही नाही. उत्तर काठाचा रस्ता पाणीखात्याचा, त्यामुळे बाहेरच्या गाड्यांना बंदी, खात्याची एखादी व्हॅन किंवा तिथल्या शेतकऱ्याची गाडी तेवढी येते. आणि रस्ता चक्क डांबरी आहे, खडी नाही! पूर्वेच्या ट्रॉसाक्स पिअरपासून (पिअर म्हणजे बोटीचा धक्का) पश्चिमेच्या स्ट्रोनाक्लाकरपर्यंत 21-22 किलोमीटर.

इथे करायचं असं की जाताना बोट आणि येताना सायकल. ट्रॉसाक्स पिअरहून बोट निघते, सायकलसकट घेते, तासाभरात स्ट्रोनाक्लाकरला सोडते. सर वॉल्टर स्कॉट नावाची जुनी वाफेची बोट इथलीच, ती 1899 मध्ये डम्बार्टनला बांधली आणि मग तिचे सुटे भाग करून लॉख लोमंडवरून तराफ्याने आणि पुढे घोडागाड्यांनी डोंगर चढवून इथे आणून परत जोडली. तुमच्या दिवशी कुठली बोट आहे ते बुकिंग करताना बघा, आणि मुख्य म्हणजे सायकलचं बुकिंग माणसाच्या तिकिटाबरोबरच करा, जागा मोजकी असते, सुट्टीच्या दिवशी भरते. ई-बाइक असेल तर तसं सांगून ठेवा. बोट आधी का, तर वेळ पाळायचं टेन्शन सुरुवातीलाच संपतं. उलटं केलंत, म्हणजे सायकलने जाऊन बोटीने परत, तर सगळा वेळ घड्याळाकडे लक्ष, आणि शेवटची बोट चुकली की परत तेवढेच चढउतार पायांवर. शिवाय पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना वारा बहुतेक वेळा पाठीला असतो.

स्ट्रोनाक्लाकरला धक्क्यावर छान कॅफे आहे, टॉयलेट आहे, दोन्हीचा वापर करूनच निघा कारण पुढे पूर्ण रस्त्यात दुकान नाही, नळ नाही, फोनला रेंज पण जेमतेम. सुरुवातीला तळ्याच्या डोक्याला वळसा घालून ग्लेनगाइल येतं, रॉब रॉय मॅकग्रेगर, इथला प्रसिद्ध बंडखोर, 1671 मध्ये तिथे जन्मला. थोडं पुढे पोर्टनेलनला पाण्यात घुसलेल्या दगडी बांधावर मॅकग्रेगर घराण्याची जुनी दफनभूमी आहे. धरणामुळे पाण्याची पातळी वाढली म्हणून ती अशी पाण्याने वेढल्यासारखी दिसते, दोन मिनिटं थांबा तिथे. मग मधल्या टप्प्यात रस्ता वर खाली वर खाली करत राहतो, एकही घाट म्हणावा असा नाही पण छोटे छोटे खडे चढ लागोपाठ येतात आणि नवख्या माणसाचा दम तिथेच निघतो. उतरून चालायला काही हरकत नाही, इथे मागे हॉर्न मारणारं कोणी नाहीये. शेवटचे काही किलोमीटर झाडीतून, ओक आणि बर्चच्या सावलीत, समोर पलीकडच्या काठाला बेन व्हेन्यूचा डोंगर, मोकळ्या रस्त्यावर सायकल आपोआप पळते. थांबत थांबत तीन तास धरा. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी सरळ ई-बाइक घ्यावी, ट्रॉसाक्स पिअरलाच भाड्याने मिळतात. वयाची अट 14 वर्षं पूर्ण ही कायद्याचीच आहे, आणि मोटर ताशी साडेपंधरा मैलांनंतर मदत करायची थांबते, त्यामुळे गाडी सुसाट पळेल ही भीती नको.

ट्रॉसाक्स पिअरला पोचायला मात्र गाडी किंवा बस बघा. ॲबरफॉइलकडून येणारा ड्यूक्स पास हा खरा घाट आहे, गाड्या, मोटरसायकली सगळं असतं, तो सायकलने चढायचा बेत हौशी मंडळींनी करू नये. बोट रद्द झाली तर (वारा जास्त असेल तर होतं) ट्रॉसाक्स पिअरहूनच काठाकाठाने सात-आठ किलोमीटर आत जा आणि परत या, पहिला भाग त्यातल्या त्यात सोपा आहे.

तिसरी वाट कॅलंडर ते स्ट्रॅथायर या दोन गावांमधली, लॉख लुबनेगच्या पश्चिम काठाने. ही जुनी कॅलंडर-ओबान रेल्वेलाइन. 1965 मध्ये पुढे ग्लेन ओगलला दरड कोसळली आणि लाइन, जी तशीही बंद करायचं चाललंच होतं, ती कायमची बंद झाली. आता तिच्यावरून नॅशनल सायकल रूट 7 जातो. रेल्वेलाइनचा फायदा असा की वाफेच्या इंजिनाला जेवढा चढ झेपायचा तेवढाच चढ असतो, त्यामुळे पाय न दुखवता उंची मिळत जाते. कॅलंडरच्या नदीकाठच्या पार्किंगपासून निघायचं, किलमाहॉगला एक रस्ता ओलांडावा लागतो, तिथे सगळ्यांनी उतरून, मुलांना हाताशी धरून, नीट दोन्हीकडे बघून. मग लेनीचा धबधबा, त्याचा आवाज आधी येतो आणि मग झाडीतून पाणी दिसतं, आणि पुढे तळं उघडतं. पलीकडच्या काठाला ए 84 वरच्या गाड्या खेळण्यातल्यासारख्या दिसतात. जंगलातल्या लाकडी केबिन्स ओलांडून काठाने बरंच उत्तरेला गेलं की वाट रेल्वेलाइन सोडते आणि एक छोटासा पण खडा नागमोडी चढ लागतो. लहान मुलं असतील तर त्या चढाच्या आधीच खाऊन मागे फिरा, सगळं चांगलं बघून झालेलं असतं. एका बाजूचं अंतर साधारण 14-15 किलोमीटर. तब्येतीने दणकट असाल तर आणखी पुढे लॉखअर्नहेड, मग ग्लेन ओगलचा दगडी रेल्वेपूल आणि किलिनचा डोकार्ट धबधबा, पण तो पूर्ण दिवसाचा कार्यक्रम आहे आणि लॉखअर्नहेडच्या वरचा चढ चांगलाच दमवतो.

जंगलच हवं असेल तर अव्हीमोर. ग्लासगो आणि एडिनबराहून थेट ट्रेन आहे आणि गावात सायकलची दुकानं आहेत. तिथून रॉथीमर्कसच्या जुन्या पाइनच्या जंगलात शिरायचं, हे मूळ कॅलिडोनियन अरण्याचे उरलेले तुकडे, झाडांची साल तांबूस, खाली हेदर आणि ब्लेबेरीची झुडपं, ऑगस्टमध्ये हेदर फुलतो तेव्हा जमीन जांभळी. लॉख अन आयलनला पाच किलोमीटरचा फेरा आहे, मध्ये बेटावर पडका किल्ला. वाटेवर मुळं वर आलेली असतात, तिथे उभं राहून, गुडघे थोडे वाकवून, हळू जायचं, आणि पायी फिरणारे भरपूर असतात त्यांना आधी वाट द्यायची. तांबडी खार बघायची तर सकाळी लवकर आणि गप्प. दुसरी वाट अव्हीमोरहून ग्लेनमोरला जाणारी ओल्ड लॉगिंग वे, रस्त्याला समांतर पण वेगळी, आणि शेवटी लॉख मॉर्लिख, डोंगरात चक्क वाळूचा किनारा. जाताना हलका चढ आहे म्हणजे येताना मजा.

लॉख लोमंडबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते. बॅलखपासून टार्बेटपर्यंत पश्चिम काठाने 27 किलोमीटरची सायकल वाट आहे, ग्लासगोहून बॅलखला ट्रेन जाते, सोय उत्तम. पण बराचसा भाग ए 82 च्या शेजारून जातो, म्हणजे गाड्यांपासून सुरक्षित आहात पण आवाज कानात राहतो. मला विचाराल तर गाडी नसलेल्यांनी जरूर करावी, आणि करायची तर ॲरोखर-टार्बेट स्टेशनपर्यंत ट्रेनने जाऊन बॅलखकडे यावं, लस गावात थांबावं. स्कॉटरेल या इथल्या रेल्वेत सायकलला पैसे पडत नाहीत, पण लांबच्या गाड्यांवर जागा आधी बुक करावी लागते.

सायकल भाड्याने घेताना लाजू नका, दुकानाच्या दारातच दोन चकरा मारा. सीट इतकी उंच हवी की पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील, बहुतेक लोक भीतीने सीट खाली ठेवतात आणि मग तासाभरात गुडघे दुखायला लागतात. खडीवाल्या वाटेला हायब्रिड किंवा साधी माउंटन बाइक, बारीक टायरची रेसिंग सायकल नको. दोन्ही ब्रेक दाबून बघा, गिअर बदलून बघा, पंक्चरचं किट आणि पंप मागून घ्या, आणि काही झालं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा ते विचारा. लहान मुलांसाठी मागे जोडायची गाडी किंवा सीट मिळते पण ती आधी सांगून ठेवावी लागते. हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, तरी घाला.

चालवताना एवढंच की चढ सुरू व्हायच्या आधी गिअर हलका करायचा, चढावर जोर लावून बदलला की चेन कुरकुरते, कधी पडते. खडीवर वळणात ब्रेक दाबायचा नाही, वळणाच्या आधी वेग कमी करायचा. आणि कॅटल ग्रिड. गुरांनी ओलांडू नये म्हणून रस्त्यात आडवे लोखंडी पाइप बसवलेले असतात, मध्ये फटी, खाली खड्डा, पहिल्यांदा बघून सगळे दचकतात. त्यावर सरळ जायचं, तिरकं अजिबात नाही, हँडल घट्ट पण हात ताठ नाही, थोडा वेग ठेवायचा, पाइपांवर असताना ना ब्रेक ना वळण. खडखड होते, दात वाजतात, झालं. पावसात पाइप बुळबुळीत होतात, तेव्हा किंवा मुलं असतील तेव्हा शेजारचं छोटं फाटक उघडून सायकल हातात धरून जा, आणि फाटक जसं होतं तसं, बंद असेल तर बंद करून. मेंढ्या रस्त्यात असल्या की हळू, मध्ये पिल्लू आणि पलीकडे आई असेल तर ती अचानक पळते. जंगलात लाकूडतोडीचा बोर्ड आणि डायव्हर्जन दिसलं तर गुपचूप वळायचं, रविवार आहे म्हणून आत जायचं नाही.

पायी चालणाऱ्यांच्या मागून आलात तर लांबूनच घंटी, मग हळू, मग थँक्यू. कुत्री असतात, घोडे असतात, घोड्याच्या मागून जाताना घंटीऐवजी हॅलो म्हणा.

कपड्यांत जीन्स नको, भिजली की वाळत नाही आणि जड होते. दोन-तीन पातळ थर आणि वर पावसाचं जॅकेट, जुलैमध्येसुद्धा, आणि पातळ हातमोजे. खायला घरचंच घ्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, सायकलवर यासारखं काही नाही, गार झालं तरी चवीला लागतं आणि वजनाला हलकं. कचरा परत आणायचा, कॅट्रिनला तर विशेष, ते पिण्याचं पाणी आहे.

मे ते सप्टेंबर मिज नावाची बारीक चिलटं असतात, वारा पडला, ढगाळ दमट हवा झाली की ढगच्या ढग अंगावर, चावतात पण. सायकल चालू असेपर्यंत काही नाही कारण वाऱ्यात त्यांना उडता येत नाही, थांबलात की येतात. त्यामुळे डबा खायला झाडीत पाण्याच्या काठी बसू नका, वारा लागेल अशा उघड्या टेकाडावर किंवा धक्क्यावर बसा, आणि स्मिज नावाचा स्प्रे दुकानात मिळतो तो लावा. दिवस जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असा मोठा, पण नोव्हेंबरनंतर दुपारी चारला अंधारतं, तेव्हा दिवा नाही तर निघू नका.

आणि घरी आल्यावर सगळ्यांनी पाय, काख, गुडघ्यामागची बाजू, मुलांच्या केसांची कड नीट तपासायची, कारण उंच गवतात आणि नेच्यांमध्ये गोचीड असतात आणि इथल्या गोचीडांतून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. दिसला तर चिमटीने पिळायचा नाही, तेल-बिल काही लावायचं नाही, फार्मसीत दोन-चार पौंडांना टिक म्हणजे गोचीड काढायचा छोटा हुक मिळतो तो कातडीला लावून गोचीड सरळ वर उचलायचा, जागा साबणाने धुवायची, तारीख लिहून ठेवायची. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चट्टा पसरत गेला किंवा ताप आला तर जीपीकडे म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन गोचीड चावल्याचं सांगा. तो हुक आधीच विकत घेऊन सायकलच्या पिशवीतच ठेवून द्या.